अण्णांच्या अंड्यांचा हिवाळा

परत सुरू झालं.

सकाळचा चहा अजून कपात ओतला नव्हता, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मास्क लावलेला कोंबडा येऊन बसला. खाली लाल अक्षरांत ‘सावधान! बर्ड फ्लू आता माणसांतही!’ आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची ही एवढी रांग. कुठल्या तरी लांबच्या गावात पोल्ट्रीतल्या कोंबड्या मेल्या, एवढीच मूळ बातमी. ती गंभीर आहे, मान्य. पक्ष्यांचा आजार माणसांत शिरू बघतोय म्हटल्यावर ज्यांचं ते काम आहे त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. पण आमच्या बी विंगमधल्या बाईंनी देवघरातलं मोरपीस चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकलं, त्याला काय म्हणायचं? मी विचारलं, "अहो, कित्येक वर्षं कृष्णाच्या डोक्यावर होतं ते. आता त्याला कुठून फ्लू होणार?" तर म्हणतात, "काळजी घेतलेली बरी ना."

कपाळ माझं!

मुलुंडचा हिवाळा तसा नावालाच. स्वेटर कपाटातून निघतो, चार सकाळी मिरवतो आणि परत आत जातो. पण त्या चार सकाळी मला आवडतात. गाडीवर मटारचे हिरवे ढीग, सोलून दिलेला ओला हरभरा, फरसाणाच्या दुकानाबाहेर उंधियूची पाटी. डोंगराच्या बाजूला धुकं की धूर ते कळत नाही, पण दिसायला छान दिसतं. मिठागरांच्या पलीकडे खाडीत फ्लेमिंगो उतरतात आणि सोसायटीतले सगळे काका एकदम पक्षीतज्ज्ञ होतात. गुलाबी ठिपक्यांचे धूसर फोटो ग्रुपवर येतात, ‘निसर्गाची किमया’ वगैरे. आता बघा, त्याच फ्लेमिंगोंकडे लोक संशयाने बघायला लागतील. मागेही असंच झालं होतं.

मागे म्हणजे अण्णांच्या आजारपणाच्या हिवाळ्यात. हा कोंबडा दिसला की माझं डोकं फिरतं ते त्याच्यामुळे.

अण्णा माझे वडील. भांडुपच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. स्क्रू नीट बसलाय असं कुणी म्हटलं की यांचा प्रश्न ठरलेला, "नीट म्हणजे किती?" त्या वर्षी त्यांच्या हृदयाची एक झडप कामातून गेली. न्हाणीघरातून खुर्चीपर्यंत येताना वाटेत भिंतीला टेकून उभे राहायचे. मी धावले की हात वर करून मला थांबवायचे, म्हणजे काही झालंच नाहीये. अंगातली बंडी खांद्यावरून घसरायला लागली होती. सर्जन सरळ बोलणारा माणूस होता. म्हणाला, "झडप मी बदलीन हो, पण हे शरीर ऑपरेशन सोसणार कसं? आधी अंगात ताकद भरा. प्रोटीन द्या. अंडी चालतात ना?"

मी मान हलवली खरी, पण माझ्या डोळ्यांसमोर आत्या उभी राहिली.

आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण. तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडे. आई गेल्यावर तर घर तिचंच झालं. मी विम्याच्या ऑफिसात दिवस काढायचे आणि आत्या स्वयंपाकघरात राज्य करायची. कांदा-लसूण चातुर्मासात हद्दपार, आणि अंड्याला बारा महिने प्रवेश बंद. केकसुद्धा ‘त्याच्याशिवायचा’. डॉक्टर म्हणालेत, असं सांगितल्यावर तिने वाद घातला नाही, हट्ट केला नाही. फक्त पदर खोचला आणि अटी सांगितल्या. जे काय करायचं ते गॅलरीत. पातेलं वेगळं, चमचा वेगळा, ताटली वेगळी. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून थेट खालच्या डब्यात. मी विजेची एक छोटी शेगडी आणली. तुळस गॅलरीतून हॉलच्या खिडकीत गेली. पाण्यात अंडी खदखदायला लागली की आत्या गॅलरीकडे पाठ करून बसायची आणि उदबत्ती लावायची. उकडलेलं अंडं आणि मोगऱ्याची उदबत्ती यांचा मिळून जो वास होतो, तो ज्याने घेतलाय त्यालाच माहीत. अजून कुठे उदबत्तीचा वास आला की माझ्या नाकाला मागून काहीतरी यायची वाट बघायची सवय आहे.

अंडी उकडायचं मला शिकवलं ते शेजारच्या गायकवाड वहिनींनी. बँकेत ऑफिसर, मूळच्या लातूरकडच्या, बोलायला एकदम रोखठोक. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून खीर यायची. मी आणि अण्णा पातेलं चाटूनपुसून संपवायचो, आत्याला मात्र नेमका त्या दिवशी कसला तरी उपास असायचा. वहिनींना ते कळत होतं. एकदा मला म्हणाल्या, "तुझ्या आत्याचे उपास आमच्या कॅलेंडरवर चालतात बघ." मला लाज वाटली, आणि आत्याचा रागही आला.

पण अण्णांना अंडी मानवली. मीठ-मिरपूड भुरभुरून सकाळी एक, संध्याकाळी एक. मिटक्या मारत खायचे, मग आत्या ऐकेल म्हणून चेहरा गंभीर करायचे. गालांवर जरा तजेला आला. वजनाचा काटा थोडासा वर सरकला. सर्जन म्हणाला, असंच चालू राहू द्या, तारीख देतो लवकरच. चला, म्हटलं, सुटलो.

आणि मग गेटाजवळच्या गुलमोहराखाली तो कावळा मरून पडला.

कावळा काय आधी कधी मेला नव्हता? विजेच्या तारेला चिकटून मरतो, मांजर मारतं, म्हातारा होऊन मरतो. पण टीव्हीवर दिवसभर पांढरे पोशाख घातलेली माणसं कोंबड्या पोत्यात भरत होती, त्यामुळे हा कावळा म्हणजे साक्षात संकट. सगळ्या खिडक्यांत माणसं. वॉचमनने त्यावर घमेलं उपडं घातलं आणि लांब उभा राहिला. पालिकेची माणसं येऊन, हातमोजे घालून, शांतपणे त्याला घेऊन गेली. ते योग्यच केलं त्यांनी. तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग.

आमचे सेक्रेटरी सामंत. माणूस वाईट नाही, पण हातात माइक आला की त्यांना देश चालवल्यासारखं वाटतं. म्हणाले, "आजपासून सोसायटीच्या आवारात अंडी आणि चिकन आणायचं नाही. गेटवर पिशव्या बघितल्या जातील. तात्पुरता निर्णय आहे, सगळ्यांच्या भल्यासाठी."

मी म्हटलं, "सामंत, कावळे गेटवर नाव लिहून आत येतात का?"

दोन-चार जण हसले. सामंत हसले नाहीत. "मॅडम, हा चेष्टेचा विषय नाहीये."

"चेष्टा कोण करतंय? माझ्या वडिलांना डॉक्टरांनी अंडी सांगितलीत. त्यांचं ऑपरेशन अडलंय त्याच्यावर."

"डाळी आहेत, पनीर आहे," मागून कुणीतरी म्हणालं. फुकटचे सल्ले द्यायला आमच्या सोसायटीत कधी कुणी कमी पडलेलं नाही. अण्णांना डाळ जास्त झाली की पोट फुगून श्वास लागायचा आणि पनीर त्यांना रबरासारखं लागायचं, पण हे कुणाकुणाला समजावत बसू?

मग गायकवाड वहिनी उठल्या. "आणि पार्किंगमध्ये रोज सकाळी कबुतरांना दाणे पडतात, त्यांचं काय? ते पक्षी नाहीत का?"

दाणे टाकायच्या सामंतांच्याच मातोश्री. सामंत म्हणाले, "ते वेगळं आहे. ते पुण्याचं काम आहे."

मी अक्षरशः हात टेकले. जिवंत पक्षी शेकड्यांनी खाली बोलावून गाड्यांवर, गॅलऱ्यांत, पाण्याच्या टाकीवर घाण करवून घेणार, त्यातून चालत घरात येणार, आणि पाण्यात उकडलेल्या अंड्याला गेटवर अडवणार. ही अक्कल येते कुठून? बरं, बंदी घालणारे अर्धे लोक दर रविवारी हायवेवरच्या हॉटेलात बिर्याणी खाऊन येत होते. पोटातलं चिकन गेटवर कोण तपासणार?

अंडी मात्र येत राहिली. वहिनींच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, नॅपकिनमध्ये गुंडाळून. त्या गेटमधून आत शिरल्या की वॉचमन एकदम आकाशाकडे बघायचा. तिथे मला वाटलं, जिंकलो. तर घरातूनच घाव.

अण्णांनी अंडं खायचं सोडलं.

दिवसभर घरात बसून टीव्ही बघणार, दुसरं काय होणार! ग्रुपवरचे सगळे कोंबडे त्यांच्या फोनवरही येत होतेच. मी ताटली पुढे केली तर त्यांनी बोटाने बाजूला सरकवली. "डॉक्टरांना विचार." विचारलं. डॉक्टर म्हणाले, नीट शिजवलेलं अंडं बिनधास्त द्या, कच्चं-अर्धकच्चं देऊ नका. मी फोन स्पीकरवरच ठेवला होता. अण्णा म्हणाले, "नीट म्हणजे किती?"

"अहो, उकडलंय ना!"

"तुझी ती शेगडी मधेच आपोआप बंद पडते. मी बघितलंय. आतपर्यंत आच पोचली हे कशावरून? बलक मऊ असतो कधी कधी."

खरं होतं ते. शेगडी खेळण्यातली वाटावी अशीच होती. मग मी त्यांच्यासमोर उभं राहून ते अंडं खाल्लं. "बघा. मेले का मी?"

"लगेच कळत नाही त्यात," अण्णा म्हणाले.

आता सांगा, या माणसाचं काय करायचं? झडप बंद पडत चाललीये त्याची भीती नाही, पण कधीही न झालेल्या फ्लूची भीती. मी चिडले, ओरडले, रडलेही. त्यांना गॅसवर उकडलेलं हवं होतं, मोठ्या ज्योतीवर, हे मला कळत होतं. पण ते तसं तोंडाने म्हणणार नव्हते, कारण गॅस आत्याच्या स्वयंपाकघरात होता आणि बहिणीची शीव ओलांडायची त्यांची छाती नव्हती. आणि आत्या? ती मुकाट्याने भाजी निवडत बसलेली. मला तर वाटलं, मनातून खूश असणार. टीव्हीने तिचं काम परस्पर केलं होतं. मी तिलाही म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं?" तिने भाजीची पुढची जुडी ओढली.

पुढच्या तपासणीला काटा परत खाली. सर्जनने अण्णांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाला, "हे असंच चाललं तर ऑपरेशन करण्याजोगी अवस्था राहणार नाही. झडप तुमच्यासाठी थांबायची नाही." रिक्षाने परत निघालो. टोलनाक्याच्या सिग्नलला त्यांनी माझा हात धरला आणि बघितलं तर त्यांची नखं निळसर दिसत होती. घरी आल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं, जसंच्या तसं. ती ऐकून घेऊन देवापाशी जाऊन बसली. मी मनात म्हटलं, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर आत्या गायकवाड वहिनींच्या दारात उभी. इतक्या वर्षांत शेजारच्या त्या दारात तिला मी कधी बघितलं नव्हतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आवाज एकदम खाली. विचारत होती, "आतपर्यंत शिजलं हे कळतं कशावरून?"

वहिनी दात घासत होत्या बहुतेक. तोंड पुसत म्हणाल्या, "अहो आत्या, आत तर या. दारात उभं राहून कुणी शिकतं का?"

क्षणभर आत्या उंबऱ्याकडे बघत राहिली. मग आत गेली. दार लागलं. मी दुधाची पिशवी हातात धरून तिथेच उभी, काय झालं ते मला कळेना. आत्या बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा हातात नॅपकिनचं गाठोडं होतं आणि ओठांवर चहाचा ओलावा होता. माझ्याकडे न बघता आत गेली आणि म्हणाली, "मीने, ती शेगडी माळ्यावर टाक. तिच्यावर पापडसुद्धा भाजायचा नाही."

वहिनींनी तिला अगदी व्यवस्थित सांगितलं होतं, पाणी किती, वेळ किती. पण आत्याचा घड्याळावर विश्वास नाही, कुकरवर आहे. कच्चं राहायला नको म्हटलं की तिला एकच गोष्ट ठाऊक. तिने आपला कुकर काढला. तोच, ज्यात नैवेद्याचं वरण लागायचं. त्यात पाणी, पाण्यात अंडी, झाकण, शिटी, आणि देवाच्या वरणभाताला जी मोठी शेगडी पेटायची तीच पेटवली. मी दारात उभी राहून बघत होते. एक शिटी झाली. दोन झाल्या. मी म्हटलं, "आत्या, पुरे, फुटतील." ती म्हणाली, "फुटू देत. तूरडाळीला पाच लागतात, तर यातल्या जंतूंना दोनात कसं होईल?" पाच शिट्ट्या झाल्या. उदबत्ती नव्हती. सगळ्या घरभर तो वास.

अंडी भयंकर झाली होती. टरफलं तडकलेली, पांढरं तपकिरी पडलेलं, बलकाभोवती काळसर हिरवं कडं. आत्याने ती स्वतः सोलली. आमच्या रोजच्या ताटलीत ठेवून अण्णांपुढे धरली. "घे वसंता. आता यात काही जिवंत नाही."

अण्णा कुकरकडे बघत होते. म्हणाले, "अक्का, अगं तुझा कुकर..."

"कुकर बाजारात मिळतो," आत्या म्हणाली. "खा मुकाट्याने."

त्यांनी खाल्लं. पाणी पीत, चावत चावत, डोळ्यांत पाणी आणून, पण संपवलं. "कडक आहे," एवढंच म्हणाले. मी तोंड फिरवून गॅलरीत गेले, कारण मला हसूही येत होतं आणि हुंदकाही.

त्यानंतर आमच्या घरातून रोज सकाळ-संध्याकाळ पाच शिट्ट्या ऐकू यायच्या. अण्णांची तक्रार एकच, पाचच्या चार कर. आत्या कसली ऐकते! वरणासाठी तिने नवा कुकर आणला नाही, मी म्हटलं तरी नाही. तोच घासायची, राख लावून, चिंच लावून, परत राख लावून, मग त्यातच वरण लावायची आणि नैवेद्य दाखवायची. देवाला काय वाटलं ते देव जाणे. सामंतांची बंदी आपोआप विरून गेली, कुणी उठवलीच नाही. बातम्यांना दुसरा विषय मिळाला आणि लोक कावळा विसरले. एका रविवारी पार्किंगमध्ये सामंत हातात चिकनची पिशवी घेऊन येताना दिसले. मला बघून म्हणाले, "मुलाचा वाढदिवस आहे." मी म्हटलं, "हॅपी बर्थडे सांगा." कुणाचा श्वास अडकला होता, कुणाच्या घरी काय मोडलं आणि काय जोडलं गेलं, याची या लोकांना गंधवार्ता नाही. भीती वाटायला दुसऱ्याचं घर लागतं यांना, आणि विसरायला फक्त नवी बातमी.

काटा वर सरकला. सर्जनने तारीख दिली. ऑपरेशन झालं.

अण्णा वॉर्डात आले तेव्हा इतके बारीक दिसत होते की उशीवर नुसतं डोकं ठेवल्यासारखं वाटायचं. त्यांना खायला द्या, द्या म्हणून डॉक्टर मागे लागलेले, आणि यांना भूक नाही. दुपारचा ट्रे आला. त्यात पेज होती, दुधी होता, आणि जिथे अंडं असायला हवं तिथे मुगाचं कसलं तरी धिरडं. मी विचारलं तर ट्रेवाला म्हणाला, "अंडं बंद आहे मॅडम सध्या. ते बर्ड फ्लूचं नाही का चाललंय?" मी डोळे मिटून घेतले. तेव्हा तर बातम्यांतूनही ते गेलं होतं! कुठल्या तरी कागदावर कुणीतरी बंद केलेलं, चालू करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आत्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण निघाल्याबरोबर वास सुटला आणि समोरून सिस्टर आल्याच. तरुण मुलगी, केरळकडची असावी, मराठी चांगली बोलत होती. "आजी, घरचं काही चालत नाही इथे. काय आहे डब्यात?"

मी पटकन पुढे झाले. ‘ढोकळा’ म्हणणार होते. ते माझं ठरलेलंच होतं, आत्याला कसंतरी होऊ नये म्हणून. जन्मात तिच्या तोंडून ‘अंडं’ हा शब्द मी ऐकला नव्हता. ‘ते’ म्हणायची, ‘ते त्याचं औषध’ म्हणायची, वहिनींच्या दारातसुद्धा नाव न घेता विचारत होती.

आत्या खुर्चीवरून उठली. सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "अंडी आहेत. माझ्या हातची. पाच शिट्ट्या दिल्यात. हा माझा भाऊ आहे आणि हा ती खाणार आहे. तुला कुणाला विचारायचं असेल तर जा, विचारून ये. तोवर याचं खाऊन होईल."

सिस्टरने तिच्या कपाळावरच्या गंधाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. मग पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि बाहेर जाता जाता म्हणाली, "लवकर आटपा."

आत्याने अंड्याचा तुकडा तोडला, मीठ लावलं आणि अण्णांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं.